रेडिएटरातली हळद

आमच्या ह्यांचा उजवा कान लूमने खाल्ला, आणि डावा कान त्यांना हवं तेवढंच ऐकतो. हे मी चेष्टेने म्हणते, पण खोटं नाही. सुरतेच्या लिंबायतला खात्यात, म्हणजे जिथं कापड विणायचे लूम चालतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये, मिसरूड फुटायच्या आधी लागले ते केस पिकेपर्यंत तिथंच उभे होते. तिथं शेजारच्याने कानात ओरडलं तरी कळत नाही. सगळे हाताने बोलतात. धागा तुटला, शेठ आला, मशीन बंद कर, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. घरी आल्यावरही हे हातानेच बोलायचे, आणि भांडण झालं की मीही हातानेच भांडायचे.

दवाखान्यातल्या बाईंनी कानात नळी घालून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा खात्यात उभे राहिले तर डावाही जाईल. तेव्हा ह्यांनी लूम सोडलं आणि जुनी व्हॅन घेतली. सकाळी खात्याखात्यांतून कापडाचे ताके भरायचे, मार्केटला नेऊन टाकायचे, दुपारनंतर सवारी मारायची. लांबचा रस्ता असला की शेजारच्या सीटवर मी. मागून कोण भोंगा देतंय हे ह्यांना कळत नाही, म्हणून मी मांडीवर थाप मारून सांगायची. लोक म्हणायचे, पंडित बायकोला फिरवतो. फिरवतो कसला, मी ह्यांचा कान म्हणून बसत होते.

तरी व्हॅन आली आणि ह्यांची मान वर झाली, हे मी पाहिलं. चहाच्या टपरीवर बसून चंचलच्या सासऱ्यांना फोनवर ओरडून सांगायचे, "आखाजीले मी सोता येसू मुराळी. सोतानी गाडी लई येसू."

चंचल आमची एकुलती. मागच्या उन्हाळ्यात साक्रीकडच्या खेड्यात दिली. लग्नानंतरची ही तिची पहिली आखाजी. अक्षय तृतीयेला आम्हा खानदेशी माणसांची लेक माहेरी येते, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पहिल्या वर्षी तिला आणायला माहेरचा माणूस जावाच लागतो. भाऊ असला तर भाऊ, नसला तर बाप. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आला नाही तर पोरगी सासरच्या उंबऱ्यात बसून दुसऱ्यांच्या लेकींची गाणी ऐकते, आणि तिची सासू तिला ते वर्षभर ऐकवते. चंचलची सासू धुरपदाबाई. तिला ऐकवायला कारणही लागत नाही.

आणि नेमकी चैत्र सरता सरता गाडी तापायला लागली.

आधी फक्त ओल दिसायची. गाडी रात्रभर उभी असायची तिथं सकाळी हिरवट डाग. मला वाटलं कुत्रं मुतून जात असेल, पण वास गोडसर होता. मग सीट तापायला लागली. व्हॅनचं इंजिन सीटच्या खालीच असतं. रोजच्या गरमीची मांडीला सवय होती, पण ही गरमी वेगळी होती, पातळ लुगड्यातून चटका बसायचा. पुढचा पंखा, जो मधून मधून चालायचा, तो आता थांबेच ना. उधना दरवाज्यापाशी सिग्नलला गाडी उभी राहिली की काचेच्या खालून वाफेचा वास यायचा.

"पंखा बंद व्हत नही," मी ह्यांच्या डाव्या कानाशी म्हटलं.

"चालना पाहिजे. पंखाच शे तो."

"सारखा चालस. आधी असा चालत नव्हता."

"उन्हाया शे," हे म्हणाले, आणि पुढच्या रिक्षावाल्याला शिवी दिली. ह्यांना एखादी गोष्ट नको असली की त्यांना ऊन तरी दिसतं, नाहीतर रिक्षावाला तरी.

शेवटी भरल्या ताक्यांसह गाडी रस्त्यात फुसफुसली आणि मार्केटच्या माणसाने सगळ्यांसमोर ताके उतरवून दुसऱ्याच्या टेम्पोत घातले. "काका, पहिले अपनी केटली ठंडी करो," असं म्हणाला. हसले चार लोक. ह्यांना ते ऐकू आलं नाही, पण हसणारी तोंडं दिसली. त्या दुपारी ह्यांनी गाडी नवागामला छगन मिस्त्रीकडे वळवली.

छगनचं गॅरेज म्हणजे दोन पत्रे आणि एक बाभूळ. बाप शिरपूरकडचा, जन्म सुरतेचा, त्यामुळे त्याच्या एका वाक्यात तीन गावं असतात. त्याने पुढची जाळी खोलली आणि हात घालून काहीतरी ओढलं. करड्या रंगाची, जाड, गोधडीचा तुकडा निघावा तशी पिंज निघाली. सगळ्या लिंबायतच्या लूमचा उडालेला धागा.

"पंडितभाऊ, तुम्ही लूम सोडलं, लूमने तुम्हाला नाही सोडलं," छगन म्हणाला.

मग रेडिएटर बाहेर काढून त्याने उन्हात धरला. सुपाएवढी चौकट. आत चपट्या बारीक नळ्या, आणि नळ्यांच्या मधे पत्र्याच्या चुण्या. छगनने नख लावलं तर चुण्यांचा भुगा झाला. खालच्या कोपऱ्यात पांढरं-हिरवं किटण धरलं होतं.

"हे करतं काय एवढं?" मी विचारलं. इतके दिवस त्या चौकटीमुळे जिवाला घोर होता, निदान ती काय काम करते ते तरी कळावं.

"भाभी, तुम्ही चहा बशीत ओतून पिता ना? तेच." छगन पान्याने दाखवायला लागला. "इंजिनमध्ये आग आहे. पाणी त्या आगीच्या अंगाला लागून फिरतं, गरमी उचलतं, इथं येतं. या नळ्यांमध्ये पसरतं. समोरून वारा लागतो, वारा कमी पडला तर पंखा लागतो. थंड झालं की परत इंजिनकडे. दिवसभर हीच फेरी. आता बशीच फुटली आणि बशीवर गोधडी टाकली, तर चहा थंड कसा होणार?"

"झाळीसन दे ना," हे म्हणाले. त्यांना ओठांवरून अर्धं कळतं.

"जुनी पितळी असती तर कथील लावून झाळून दिली असती. ही ॲल्युमिनियमची, वरची टाकी प्लास्टिकची, आणि ती इथं चिरली आहे, जुओ, बघा. पाणी कुठलं घालता?"

नळाला पाणी नसतं तेव्हा बोअरचं घालायचो. त्याच बोअरच्या पाण्याने आमच्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो, घासून हात फुटतात पण थर निघत नाही. छगनने नळीत तार घातली. तार मधेच अडली.

"तुमच्या हंड्यात जे आहे ते इथंही आहे. एखादी नळी बसली तर धुऊन चालतं. गळतीही आहे, थरही आहे, चुण्याही गेल्या, पाणीही गंजाळ निघतंय. आता याला धुऊ नका, बदलून टाका. नवा मागवतो, दोन-तीन दिवस गाडी उभी राहील."

गाडी उभी राहणं म्हणजे काय, हे ह्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आखाजीच्या आधीचे दिवस. अख्खं लिंबायत गावाकडे निघालेलं, सवारीला तोटा नाही, आणि चंचलला आणायला जायचं तोंडावर.

"आखाजी होऊ दे," हे म्हणाले. "मंग बदलाडू."

छगनने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रेडिएटर परत बसवता बसवता तो मला एकटीला म्हणाला, "भाभी, कान तुमचा चालतो. पंखा जोरात वाजतो तोवर घाबरू नका, तो काम करतोय. पंखा गप्प झाला की घाबरा."

"गप्प झाला म्हणजे थंड झाली ना गाडी?"

"उलटं. पाणी तापलं हे समोरच्या गरमीच्या काट्याला पाणीच सांगतं, आणि काट्यासारखंच पंख्याला. पाणी निघून गेलं तर सांगणार कोण? काटा खाली पडतो, पंखा बंद होतो, माणूस खूश होतो. तेवढ्यात इंजिन जळून जातं. आणि एकदा इंजिन गेलं ना, मग ही गाडी भंगारात. पंडितभाऊ परत खात्यात."

त्या रात्री आणि पुढच्या प्रत्येक दिवशी मी स्वयंपाक करत असले, पाणी भरत असले, तरी माझा कान दाराबाहेरच्या गाडीकडे. घरातला छताचा पंखा लाइट जाऊन थांबला तरी मी उठून बाहेर गाडी बघून यायची.

मग हळदीचं झालं.

आमच्या गल्लीत विकास म्हणून टेम्पोवाला आहे. त्याने ह्यांना सांगितलं, रेडिएटर गळतो ना, मूठभर हळद टाका, भोक बुजतं, ट्रकवाले हेच करतात. ट्रकवाले करतात हे खरं आहे, छगनलाही नंतर विचारलं. गावाला पोचण्यापुरतं ते चालतं. पण विकासने पुढचं सांगितलं नाही, आणि ह्यांनी विचारलं नाही.

मी दुपारी घरी आले तर हे गाडीपुढे उकिडवे बसून हसत होते. "देख. एक थेंब नही."

खाली कोरडं होतं. मला बरं वाटलं, का वाटू नये? मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. आणि शेजारी पडलेल्या लाल फडक्याकडे.

चंचलच्या लग्नाला आमच्या घरी पाच सवाष्णींनी जात्यावर हळद दळली होती. सुरतेत जातं कुठं मिळतं, नवागामच्या एका म्हातारीकडून उचलून आणलं होतं. त्यातली उरलेली हळद मी लाल फडक्यात बांधून देवामागे ठेवली होती. चंचल पहिल्या आखाजीला आली की ओटी भरताना तिच्या कपाळाला लावायची म्हणून. वर्षभर मी त्या फडक्याला हात लावला नव्हता.

"घरमा डब्यामा हळद नव्हती?" मी विचारलं.

"दुकाननी हळदमा पीठ ऱ्हास," हे म्हणाले. "हाई चोखी शे. गळती धरी तर हाईच धरी."

काय बोलावं या माणसाला? चोखी आहे म्हणून इंजिनात घातली. मी फडकं झटकलं, घडी घातली, आणि दोन दिवस ह्यांच्याशी हातानेसुद्धा बोलले नाही. ह्यांना वाटलं मी हळदीसाठी रागावले. हळदीसाठी होतेच. पण मला छगनच्या त्या बारीक नळ्या दिसत होत्या, आणि त्यांच्यात जाऊन बसलेली हळद. जी हळद भोक बुजवते ती नळी सोडेल कशी?

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच निघालो. मागच्या सीटवर सांजोऱ्यांचा डबा, व्याह्यांसाठी आंबे, चंचलची साडी. आदल्या संध्याकाळी धुरपदाबाईंचा फोन आला होता. "मुराळी दिवस कलायना आत येवाले पाहिजे. दिवस कलना, आम्ही सून घरबाहेर काढत नही." पलीकडे चंचलचा आवाजही ऐकू आला नाही. मी त्या घरात जाणार नव्हतेच. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरचा उंबरा ओलांडू नये, अशी आमच्याकडची रीत. गावाबाहेर निंबाखाली गाडीत बसायचं, असं ठरलं होतं.

बारडोलीपर्यंत गाडी बरी चालली. व्यारा गेलं, सोनगड गेलं. पंखा वाजत होता. पुढे नवापूरपर्यंत ऊन असं चढलं की डांबर हलताना दिसत होतं. सीट तापली, मी खाली गोणपाट घातलं, तेही तापलं. हे घामाने निथळत होते, पण गाणं गुणगुणत होते, आणि ह्यांना स्वतःचं गाणं ऐकू येत नसल्यामुळे ते फारच मोठ्याने गुणगुणतात. विसरवाडीला चहा घेतला, बाटलीभर पाणी गाडीला घातलं. तिथून कोंडाईबारीचा घाट लागतो.

चढाला गाडी कण्हायला लागली. पंखा इतका जोरात की माझे दात वाजत होते. काटा लाल रेघेला टेकला. मी मांडीवर थाप मारून काटा दाखवला, ह्यांनी मान हलवली, गियर खाली टाकला. एक वळण, दुसरं वळण. एका ट्रकच्या मागे अडकलो. ट्रक गेला.

आणि पंखा गप्प झाला.

एवढा वेळ कानात भरलेला आवाज एकदम गेला की आधी बरंच वाटतं. काटा हळूहळू खाली उतरला. ह्यांनी तो पाहिला आणि माझ्याकडे वळून हसले. "देख. थंडी पडनी गाडी. चोखी हळद शे."

माझ्या मांडीखाली सीट पेटत होती. छगनचं बोलणं आठवायची गरज नव्हती, ते विसरलंच कुठं होतं? पण समोर वळणाच्या वर घाटमाथा दिसत होता. घाट संपला की दहिवेल, तिथून चंचलचं गाव ते कितीसं. मी काही बोलले नसते तर ह्यांना कळलंच नसतं. दिवस कलायला अजून अवकाश होता. चंचल सकाळपासून दाराशी येऊन येऊन रस्ता बघत असेल, हे मला दिसत होतं. देवा, वळणभर तरी, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, आणि ह्यांना ऐकू आलं नाही.

ऐकू आलं नाही हे पाहिलं आणि माझा हात आपोआप वर गेला. पंजा पालथा, खाली दाबायचा, मग मूठ मिटायची. खात्यातली खूण. मशीन बंद कर.

ह्यांनी विचारलं नाही का म्हणून. लूमवर ही खूण दिसली तर विचारायचं नसतं, कुणाचा तरी हात आत अडकलेला असतो. त्यांनी चावी फिरवली, गाडी तशीच डोंगराच्या कडेला पळसाखाली घेतली. मग समोरून वाफ आली, पांढरी, शिट्टी मारत, आणि तिला हळदीचा वास होता.

हे धावत उतरून झाकणाला हात घालायला गेले. मी मधे उभी राहिले. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे कुणीही सांगेल, पण त्या क्षणी ह्यांना कोण सांगणार? पदराने वारा घालत आम्ही उन्हात उभे राहिलो. बऱ्याच वेळाने फडकं धरून झाकण काढलं. आत पाणी नव्हतंच. तळाशी पिवळा चिखल होता. ह्यांनी बोट घातलं, बोटावर माझी हळद आली, लोखंडाच्या किटणात कालवलेली. ते कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.

मग एकदम म्हणाले, "बाटलीतलं पानी वत. थोडं थोडं चालाडत जाऊत."

"अशी चालाडी तर इंजिन जळी जाई."

"जळू दे."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, ओठ दिसतील अशी. "इंजिन जळनं म्हणजे गाडी गयी. गाडी गयी म्हणजे तुम्ही पुन्हा खात्यामा. डावा कान बी जाई."

"पोरगी दारमा उभी राही, अन बाप येवाव नही," हे म्हणाले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि ह्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण फाटला होता. "मंग हाऊ कान वाचाडीसन मी काय करू?"

मी गाडीत वाकले, चावी काढून घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि दोन गाठी मारल्या.

"चावी दे."

मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, मी मागे सरकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी हिसकाहिसकी केली नव्हती. त्यांनीही केली नाही. खाली बसले, पळसाला पाठ टेकून, आणि तोंड फिरवून घेतलं.

काळी-पिवळी जीप चढावर आली तिला मी हात केला. हेही चढतील, निदान कुठं चाललीस असं विचारतील म्हणून वळून पाहिलं, तर ते बघतच नव्हते. सांजोऱ्यांचा डबा घेतला आणि बायाबापड्यांच्या मधे पाऊल ठेवायला जागा मिळाली तिथं उभी राहिले. चावी माझ्याकडे होती एवढाच धीर. मी नसताना ते गाडी चालू करू शकत नव्हते.

चंचलच्या सासरी पोचले तेव्हा धुरपदाबाई ओट्यावरच बसल्या होत्या, तांदूळ निवडत. व्याही लक्ष्मणभाऊ खाटेवर. चंचल मागच्या दारात दिसली. नवी बांगडी, वाळलेला चेहरा. माझ्याकडे पाहून ती पुढे आली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

"पंडितभाऊ कथा शेतस?" धुरपदाबाईंनी विचारलं. माझ्या मागे रस्त्याकडे बघत. "अन गाडी? सोतानी गाडी येणार व्हती ना?"

"घाटमा शे. गाडीनं पानी गयं."

"मंग मुराळी कोन?"

"मी."

लक्ष्मणभाऊ खाटेवर उठून बसले. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायका बोलायच्या थांबल्या. धुरपदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "बाई मुराळी? मी तं कधी आयकं नही. अन तुम्ही तं उंबरा बी वलांडाना नही, नातू व्हवापावत."

"नही वलांडती," मी म्हटलं. अंगणातच उभी होते, उन्हात, पायातल्या चपला जीपमध्ये तुटल्या होत्या त्या हातात घेऊन. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आले की माझी जीभ सुटते. "चंचलला भाऊ नाही. बाप घाटात उन्हात बसलाय, कारण मी त्याला येऊ दिलं नाही. तो गाडी जाळून आला असता. मग वर्षभर तुम्ही म्हणाला असता, मुराळी आला होता. आणि तो खात्यात जाऊन पार बहिरा झाला असता. मला ते नको होतं. पाठवायची नसेल चंचलला तर तसं सांगा, मी जाते. पण दोन हंडे पाणी द्या, गाडीला लागतंय."

धुरपदाबाईंची नजर माझ्या पदराच्या गाठीवर गेली. गाठीतून चावीचं टोक बाहेर आलं होतं.

"ती काय?"

"गाडीची चावी."

"नवरानी चावी बांधीसन उन्यात?"

"हो."

त्या बाईच्या तोंडावर मी हसू कधी पाहिलं नव्हतं. ते आलं, मोठं नव्हे, एका कोपऱ्यातून, आणि तिने ते लगेच पुसलं. उठून घरात गेल्या. मला वाटलं झालं, दार लागलं. पण त्या तांब्या घेऊन आल्या, अंगणात माझ्यापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "पाय पुढे करा." मुराळ्याच्या पायावर पाणी घालतात तसं त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. डांबराने भाजलेल्या तळव्यांना ते इतकं गार लागलं की मी खाली बघत राहिले आणि रडले. शेजारच्या बायका बघत होत्या, तरी रडले.

"नितीन," धुरपदाबाईंनी आत हाक मारली, "पिकअप काढ. दोर बी ले."

जावयाने मित्राची पिकअप आणली. चंचल गाठोडं घेऊन पुढे बसली, मांडीवर पाण्याची कळशी. आत बसेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि गाव मागे पडल्यावर तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग मी सगळं सांगितलं, हळदीचंही. ती आधी हसली, मग कळशी दोन्ही हातांनी धरून बसली. नितीन वाटभर फोनवर विचारत होता, रेडिएटर विसरवाडीला मिळेल का नवापूरहून आणावा लागेल.

दिवस कलला होता. पळसाखाली हे तसेच बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. समोरच्या मातीत पिवळा ओघळ वाळला होता. पिकअप थांबली, दार वाजलं, नितीनने हॉर्न दिला. ह्यांना काहीच कळलं नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात चंचलने माझा हात दाबला.

ती कळशी कडेवर घेऊन वळसा घालून त्यांच्या समोर गेली, आठ-दहा पावलांवर थांबली. लहानपणी ती बापाचा डबा घेऊन खात्यात जायची. मशीन चालू असताना आत जायची परवानगी नसायची, म्हणून दारात उभी राहून खूण करायची. तीच केली आता. डावा पंजा पसरला, त्यावर उजवी मूठ दोनदा ठेवली. डबा आलाय.

हे बघत राहिले. ओळखलं नाही की विश्वास बसला नाही, कोण जाणे. मग त्यांचा हात वर आला, पिवळ्या बोटांचा. पंजा पालथा घालून त्यांनी खाली दाबला आणि मूठ मिटली. खात्यात ते रोज हेच करायचे. मशीन बंद आहे, ये.

चंचल पुढे गेली, खाली बसली आणि कळशी वाकडी करून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्यांनी ते प्यायलं, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायलं. उरलेलं पाणी तिने गाडीला ठेवलं.